टाकळकर सरांचं वावर

टाकळकर सरांच्या कोटाच्या उजव्या खिशात खडू आणि माती एकत्र नांदायची. भूमितीचं प्रमेय सांगता सांगता ते खिशात हात घालायचे, खडू बाहेर काढायचे आणि त्याच्यासोबत काळ्या मातीची एक-दोन ढेकळं चौथऱ्यावर पडायची. पुढच्या बाकावरची पोरं खुसखुसायची. सर ती ढेकळं उचलून, देवाचा अंगारा ठेवावा तशी पुन्हा खिशात ठेवायचे आणि प्रमेयाच्या पुढच्या पायरीवर जायचे. ही माती वाटेतली. कुणाच्याही रानाच्या कडेनं चालले की वाकून मूठभर उचलायची, दाबून बघायची आणि विसरून खिशात टाकायची, अशी त्यांची खोड होती. निदान सुरुवातीला तरी शेतातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं.

मी त्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. शाळा सरकारी, तालुक्याच्या गावची, काष्टीच्या बाजाराकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून. हायस्कुलात ड्रॉइंग मास्तराला लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्याइतका मान असतो. बसा म्हणतात, पण कशातच विचारत नाहीत. त्यामुळे मला नुसतं बघत बसायला भरपूर वेळ मिळायचा. लढाईच्या त्या वर्षांत, जेव्हा रॉकेलपासून कागदापर्यंत सगळ्याची टंचाई होती, तेव्हा आमच्या शाळेत बघण्यासारखी गोष्ट एकच होती, ती म्हणजे टाकळकर सर.

उंच, सडपातळ, मानेत थोडा बाक. धोतर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट, काळी टोपी. गणित शिकवायचे. आणि शिकवायचे म्हणजे काय, तर विचारत सुटायचे. पोरानं एक पायरी सांगितली की सर म्हणायचे, "बरं, मग?" दुसरी सांगितली की, "बरं, मग?" असं करत करत पोरगं शेवटच्या पायरीवर कधी येऊन उभं राहिलं हे त्याचं त्यालाच कळायचं नाही. हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर इतके बसले होते की शिक्षकांच्या खोलीत कुणी मुलीचं लग्न ठरल्याचे पेढे वाटले तरी पेढा तोंडात टाकून ते म्हणायचे, "बरं, मग?" त्यांच्या घरी आम्ही त्यांच्या पत्नीला वहिनी म्हणायचो. वहिनी म्हणायच्या, अंतरपाट दूर झाला तेव्हाही हे मनातल्या मनात तेच म्हणाले असतील.

सरांचे वडील ग्रामजोशी. शेतकऱ्यांना पेरणीचा मुहूर्त सांगायचे आणि खळ्यावर जाऊन बलुतं आणायचे. सर हे हसत सांगायचे, पण हसू वरवरचं असायचं. "सात पिढ्या आम्ही पेरायचा दिवस सांगत आलो," ते म्हणायचे, "पण पेरणीची पाभर हातात धरलेला माणूस आमच्यात एक निघायचा नाही. ज्यांनी धरली त्यांची पोरं आमच्या शाळेत नाहीत. हे काही बरोबर नाही हो, ड्रॉइंग मास्तर." आणि खरंच, आमच्या वर्गांत तेव्हा कुळकर्ण्यांची, जोशांची, मारवाड्यांची आणि कचेरीतल्या कारकुनांची मुलं. कुणब्याचं पोरगं शोधावं लागायचं.

सर शोधायचे. रविवार आला की आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर पायी जायचे आणि मराठी चौथी पास झालेलं हुशार पोरगं कुठं आहे याची चौकशी करायचे. हाताशी काही काम नसलेला म्हणून मला बरोबर घ्यायचे. शेतकऱ्याच्या घरात पाणी प्यायचे, भाकरी खायचे आणि लहान-थोर सगळ्यांना अहोजाहो करायचे. गावातल्या पांढरपेशांना हे खटकायचं आणि शेतकऱ्यांना त्याचा संकोच वाटायचा. सरांचं दोन्हीकडे लक्ष नसायचं.

अशाच एका रविवारी आम्ही शेलारवाडीला धोंडिबा शेलाराच्या रानात गेलो. त्याचा मारुती चौथीत केंद्रात पहिला आला होता. धोंडिबा नांगर धरून होता. काळासावळा, बोलायला मोजका, कामात थांबायची सवय नसलेला माणूस. सर म्हणाले, "तुम्ही थांबू नका, मी चालत बोलतो." आणि खरंच, पायातल्या वहाणा हातात घेऊन सर त्याच्या शेजारून तासाच्या, म्हणजे नांगरानं पडलेल्या सरीच्या, कडेनं चालायला लागले. या टोकाला गेले, वळले, त्या टोकाला गेले. मी बांधावर बाभळीखाली बसून बघत होतो. धोंडिबा हुंकार द्यायचा, सर पुढं काहीतरी सांगायचे. कोट धुळीनं भरला, टोपी कपाळावर आली. शेवटी माझ्याजवळच्या टोकाला आल्यावर धोंडिबानं बैल थांबवले आणि म्हणाला, "समदं खरं, मास्तर. पर साळंत घालून पोराचं व्हनार काय?"

सरांनी नांगराच्या रुमण्यावर हात ठेवला. रुमणं म्हणजे नांगऱ्याच्या मुठीत असते ती दांडी, घामानं काळी आणि गुळगुळीत झालेली.

"हे रुमणं तुमच्या पोराच्या हातात येणार नाही," सर म्हणाले. "माझा शब्द."

धोंडिबानं सरांच्या तोंडाकडे बघितलं नाही, त्या रुमण्यावरच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "घिऊन जावा." औतावर हात ठेवून दिलेला शब्द म्हणजे काय, हे त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

मारुती शाळेत आला आणि सरांना आपल्याच जोडीचं माणूस भेटलं. पोरगं बुटकं, केस राठ, बोलायला बापासारखंच. पण सरांनी "बरं, मग?" म्हणायच्या आत पुढची पायरी याच्या ओठांवर. कधी कधी तर तोच मान वर करून सरांकडे असा बघायचा की जणू विचारतोय, झालं ना, बरं, मग? सर हरखून जायचे. शिक्षकांच्या खोलीत येऊन मला सांगायचे, "पोराच्या डोक्यात वाफसा आलाय. काहीही पेरा, उगवतंय." मारुती रोज शेलारवाडीहून पायी यायचा. अंगात एकच कोट, तोही सरांचा जुना, वहिनींनी आखूड करून दिलेला. वर्गात शिरताना तो अंगात घालायचा आणि सुटलं की घडी करून काखेत मारायचा, घामानं खराब होऊ नये म्हणून.

आता शाळेचं सांगतो, कारण सरांचं नशीब तिच्याशी बांधलेलं होतं. मी आलो तेव्हा शाळेचा हेतू सरळ होता. मॅट्रिक पास करायचं आणि कचेरीत चिकटायचं. दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरात इंग्रजी सुभाषित होतं आणि ते दरसाल मी रंगवायचो. मग लढाईत 'अधिक धान्य पिकवा'ची मोहीम निघाली, वरून हुकूम आला आणि मी ते सुभाषित पुसून तिथं 'अधिक धान्य पिकवा' लिहिलं. शाळेमागची पडीक जमीन खणून मुलांनी मेथी-मुळे लावावेत असंही हुकमात होतं. बाकीच्या मास्तरांनी हे वेठीसारखं केलं. टाकळकर सरांचं मात्र जगणंच पालटलं. शाळा सुटली की धोतर खोचून ते त्या जमिनीत उतरायचे. आधी मेथी आली, मग मटकी आणि पुढच्या साली बाजरीची कणसं. गावात लोक त्या तुकड्याला टाकळकर सरांचं वावर म्हणायला लागले. दुपारी डबाही ते तिथंच लिंबाखाली खायचे आणि मला ओढून न्यायचे. कणीस हातात धरून ते माझ्याकडे अशा चेहऱ्यानं बघायचे की चेष्टा करायची सोय नव्हती.

त्यात एक प्रसंग घडला आणि त्यानं सरांचं मन पार फिरलं. आमच्याच शाळेतून मॅट्रिक झालेला एका शेतकऱ्याचा मुलगा तालुक्याच्या रेशनच्या कचेरीत कारकून लागला होता. सरांनीच घडवलेला. सर साखरेसाठी रांगेत उभे होते. त्यांच्या पुढं एक पागोटंवाला म्हातारा, पायात वहाण नाही. खिडकीशी पोचल्यावर म्हातारा ओळखीचं हसला. खिडकीतल्या मुलानं मान खाली घालून सांगितलं, "बाजूला थांबा, नंतर बघू." तो म्हातारा त्या मुलाचा बाप होता. बाप निमूट बाजूला जाऊन उभा राहिला आणि मुलानं पुढच्याला, म्हणजे सरांना, उठून नमस्कार केला. सर साखर न घेता घरी आले. वहिनी सांगत होत्या, दोन घास खाल्ले आणि ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मी बापांची पोरं पळवतो हो. गावातली चांगली चांगली वेचून दौंडच्या गाडीत बसवून देतो. यासाठी मी वाड्या धुंडाळतो?"

त्यांच्या मनात मग एकच घोळायला लागलं. शाळेनं पोराला मातीपासून तोडू नये. शिकलेला माणूस शेतात उभा राहिला पाहिजे आणि शेतातल्या माणसाला शाळेत आल्यासारखं वाटलं पाहिजे. ऐकायला काय चूक आहे यात? मला तरी तेव्हा काही चूक दिसली नाही. सर फार भल्या मनानं बोलत होते आणि असा माणूस बोलायला लागला की ऐकणाऱ्याचं डोकं आपोआप हलतं.

स्वराज्य आलं आणि वाराही त्याच दिशेनं वाहू लागला. कारकून पाडणारं शिक्षण नको, हाताला काम देणारं हवं, असं जो तो बोलू लागला. खालच्या वर्गांतलं इंग्रजी गेलं. सूत कातायच्या टकळ्या आल्या. मग खात्याचं परिपत्रक आलं की काही सरकारी हायस्कुलं शेतकी वळणाची करायची आहेत, ज्यांना हवं त्यांनी मागावं. आमच्या हेडमास्तरांना कशातच फारसा रस नव्हता, पण सर त्यांच्या मागे हात धुऊन लागले. मागणी गेली, मंजुरी आली. वरच्या वर्गांत बीजगणित-भूमितीचे तास निम्म्यावर आले आणि तिथं शेतकी बसली. गणिताच्या मास्तरानं हट्ट धरून स्वतःचेच तास कापून घेतले, असं मी तरी दुसरीकडे कुठं ऐकलं नाही.

नवा फलक मी रंगवला. काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, 'शेतकी हायस्कूल', दोन्ही बाजूंना बाजरीची कणसं. शिडी सरांनी धरली होती. मी वरून विचारलं, कणसं जरा मोठी काढू का? सर खालून म्हणाले, "काढा की. त्यात काय काटकसर?" इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच. शिडी धरलेल्या त्या माणसाला तेव्हाच काही सुचवायची बुद्धी देवानं कुणाला तरी द्यायला हवी होती.

वावरात उतरायचा तास सुरू झाला तेव्हा एक गोष्ट माझ्या नजरेनं टिपली, कारण नजर हाच माझा धंदा. गावातली पोरं, सावकारांची आणि वकिलांची, खुरपं घेऊन हसत-खेळत उतरायची. त्यांना ती सहल. कुणब्यांची पोरं मात्र मागं रेंगाळायची, कोट काढायची नाहीत, खाली बघून काम उरकायची. त्यांना सगळं येत होतं आणि येतं हे दिसू नये अशी त्यांची धडपड होती. मी सरांना हे बोलून दाखवलं. सर म्हणाले, "लाज वाटतेय त्यांना. हीच तर घालवायचीय." ती लाज नव्हती, भीती होती. पण हे मलाही नंतर कळलं.

थंडीत इन्स्पेक्टर साहेब नवी शाळा बघायला आले. बाजरी निघून वावर मोकळं झालं होतं. खात्याकडून नवा लोखंडी नांगर आला होता, पण शाळेला बैल कुठले? सरांनी शेलारवाडीला निरोप धाडला आणि धोंडिबा आपली जोडी घेऊन आला. मास्तरांनी मागितले म्हटल्यावर त्यानं का म्हणून विचारलंसुद्धा नाही. मी हौसेनं बैलांची शिंगं हिंगुळानं रंगवली. लिंबाखाली खुर्च्या मांडल्या. मामलेदारांच्या मुलानं नवा कोट घालून इंग्रजीत स्वागताचं भाषण वाचलं आणि साहेबांनी मान डोलावली. मग सर उठले आणि म्हणाले, "साहेब, हा आमचा मारुती. इंग्रजी सहावीत गणितात पहिला आणि नांगरालाही पहिला."

सरांना वाटत होतं की त्यांनी त्याला सगळ्यांत उंच जागी बसवलं आहे. मारुतीनं कोट काढला, घडी केली आणि बांधावर ठेवला. त्याचे कान लाल झालेले मला दिसले. त्यानं रुमणं धरलं. बैल ओळखीचे, ते चालायला लागले. तास सरळ, सुतात. खुर्च्यांवरून टाळ्या पडल्या. मामलेदारांचा मुलगाही टाळ्या वाजवत होता. त्या टोकाला जाऊन मारुती वळला आणि परत येऊ लागला, तेव्हा इतका वेळ लिंबाच्या खोडाशी उभा असलेला धोंडिबा रानात उतरला. पोराजवळ जाऊन एवढंच म्हणाला, "सोड." मारुतीनं हात सोडले.

धोंडिबानं आपण रुमणं धरलं आणि राहिलेलं तास पुरं केलं. अर्धवट तासावर औत सोडायची त्याची रीत नव्हती. मग बैल सोडले, कासरे गोळा केले आणि सरांसमोर येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही. साहेबांना तर ऐकूही गेलं नसेल.

"मास्तर, रुमन्यावर हात ठिवून तुमी मला शबुद दिल्ता."

सरांचा चेहरा मी बघितला. त्यांना आठवलं. त्या क्षणी, तिथंच आठवलं. तरी ते म्हणाले, "धोंडिबा, हा मान आहे त्याचा."

"मान असंल तर त्यो मामलेदारसायबाच्या पोराला द्यायाचा हुता," धोंडिबा म्हणाला. "माज्या पोराला त्ये इंग्रजी वाचाया द्यायाचं. नांगूर काय, त्यो मी घरी शिकीवला असता."

तो बैल घेऊन निघाला. मारुतीनं बांधावरचा कोट उचलला आणि बापाच्या मागोमाग गेला. जाताना त्यानं सरांकडे बघितलं नाही. साहेबांनी शेरा फार चांगला दिला.

त्यानंतर मारुती शाळेत आला नाही. पुढच्या रविवारी आम्ही शेलारवाडीला गेलो. धोंडिबानं घोंगडी अंथरली, पाण्याचा तांब्या पुढं केला, गुळाचा खडा दिला. पाहुणचारात कुठं उणं नाही आणि त्यानंच जास्त लागलं. मारुती रानात होता, तो आलाच नाही. सरांनी खूप समजावलं. शहाणा शेतकरी होईल, शिकून शेती केली तर चार लोकांना वाट दाखवील, असं सगळं. धोंडिबानं ऐकून घेतलं आणि विचारलं, मामलेदाराचा ल्योक व्हनार हाय का शहाना शेतकरी? मग सरांनी स्वतःच्या तत्त्वावर पाणी सोडलं. म्हणाले, "मारुतीला वावरात उतरवणार नाही. माझ्याकडे फक्त गणिताला पाठवा."

"आन बाकीच्यांच्या पोरांला उतरीवनार?"

सरांनी हातातला गुळाचा खडा तांब्याशेजारी ठेवला. धोंडिबाला त्यांची कीव आली असावी. तो जरा पुढं सरकून, घरातल्या माणसाशी बोलावं तसं बोलला. "मास्तर, तुमच्या बापजाद्यांनी शिकून घेतलं. पोट भरून शिकले. म्हनून तुमाला आता माती ग्वाड लागती. आमाला आदी शिकू तर द्या. मग आमी बी म्हनू, माती लई ग्वाड हाय."

येताना सरांनी कुणाच्या रानातली माती उचलली नाही. नदी ओलांडताना म्हणाले, "ड्रॉइंग मास्तर, त्याचं काही चुकलं का हो?" मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

दुसऱ्या दिवशी ते हेडमास्तरांकडे गेले. बीजगणित-भूमितीचे तास परत द्या, वावर ऐच्छिक करा, अशी विनवणी केली. हेडमास्तर म्हणाले, "टाकळकर, मागणी तुमचीच होती. आता खातं मागं येत नाही." आणि आलंही नाही. पुढच्या जूनपर्यंत शेतकऱ्यांची बरीचशी पोरं गेली. ज्यांची ऐपत होती ती नगरला बोर्डिंगात राहून मॅट्रिकच्या जुन्या वाटेनं गेली, बाकीची घरी बसली. धोंडिबानंही मारुतीला नगरला घालायचं ठरवलं होतं. पण वर्षाच्या मध्येच तिथं जागा मिळेना आणि तेवढ्यात धोंडिबाचीच कंबर धरली. उभं राहता येईना. मग औत कुणी धरायचं? ज्या रुमण्यापासून सोडवायला पोराला शाळेतून काढलं, तेच रुमणं त्याच्या हातात आलं. यात दोष कुणाचा हे मी पुष्कळदा मांडून बघितलं आहे. मला फक्त वाईट वाटतं, दुसरं काही हाती लागत नाही.

सर शिकवत राहिले. पण "बरं, मग?" गेलं. मला ते आधी कळलंच नाही. एकदा त्यांच्या वर्गावरून जाताना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, म्हणून दाराशी थांबलो. सर पायऱ्या एकामागून एक स्वतःच सांगत होते आणि पोरं उतरवून घेत होती. खिशात नुसता खडू होता. दिवाळीनंतर त्यांनी बदली मागून घेतली, पार पश्चिमेकडं घाटाखाली गेले आणि पुढं आमची गाठ पडली नाही. मला ते आठवतात ते त्याआधीच्या जूनमधले, शाळा नुकतीच उघडली होती तेव्हाचे.

त्या दिवशी पेरणीआधी वावर नांगरायचं होतं. पोरांनी नांगरायचं हा उत्साह एव्हाना सगळ्यांचाच ओसरला होता. शेतकी हा आता परीक्षेचा विषय झाला होता आणि परीक्षेत नांगर धरावा लागत नाही, नांगरटीचे फायदे लिहावे लागतात. म्हणून हेडमास्तरांनी शिपायाकरवी रोजानं औत सांगितलं होतं. माझ्या ड्रॉइंगच्या वर्गाच्या खिडक्या वावरावर उघडायच्या. शेजारच्या वर्गात टाकळकर सर शेतकीचा तास घेत होते आणि त्यांचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. "नांगरटीमुळे जमीन भुसभुशीत होते. तणांचा नाश होतो." मी सहज बाहेर बघितलं. रोजानं आलेलं औत मारुतीचं होतं.

तो तेवढ्या महिन्यांत खूप वाढला होता. डोक्याला मुंडासं, अंगात बंडी. शाळेकडे पाठ ठेवता येईल तेवढी ठेवून तो नांगरत होता. पलीकडचा आवाज वाक्याच्या मध्येच थांबला. थोड्या वेळानं सर मला वावराच्या बांधावर दिसले. वहाणा काढून हातात घेतल्या आणि रानात उतरले. मारुतीच्या शेजारून, तासाच्या कडेनं, ते चालायला लागले. धोंडिबाबरोबर चालले होते तसेच. या टोकाला, मग वळून त्या टोकाला. फक्त या वेळी बोलत नव्हते. मधूनच वाकून नांगरानं उपटलेल्या हरळीच्या मुळ्या वेचत होते आणि बांधावर टाकत होते, गड्यानं टाकाव्यात तशा.

शेजारच्या वर्गात गलका झाला. पोरं खिडक्यांशी जमून हसायला लागली. हेडमास्तर बाहेर आले आणि त्यांनी मला सांगितलं, जा, टाकळकरांना वर्गावर बोलवा. मी गेलो. बांधाशी पोचलो तेव्हा औत या टोकाला येऊन थांबलं होतं. मारुती बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

"सर, तुमी वर्गात जावा," तो म्हणाला. "पोरं बसल्यात."

सर हलले नाहीत. मुळ्या तशाच हातात. मारुतीनं मग बैलाकडे बघत, हळू आवाजात विचारलं, "सर, आपलं वर्गसमीकरनापतूर झालं हुतं. त्येच्या म्होरं काय असतं?"

सरांनी हातातल्या मुळ्या खाली टाकल्या, हात कोटाला पुसले आणि पुढं होऊन मारुतीच्या हातातलं रुमणं आपल्या हातात घेतलं. मारुती म्हणाला, सर, ऱ्हाऊ द्या, तुमाला जमायचं न्हाई. सर म्हणाले, "तू माझ्या बाजूनं चाल."

मारुतीनं बैलांना हाक दिली. नांगर निघाला. सरांना खरंच जमत नव्हतं. फाळ मध्येच वर यायचा, मध्येच रुतायचा आणि तास नागमोडी होत चाललं होतं. खिडक्यांमधली पोरं खिदळत होती. काळा कोट, टोपी, वाकलेली मान आणि शेजारून रिकाम्या हातांनी चालणारा तो मुंडाशातला मुलगा. मी हेडमास्तरांचा निरोप सांगितला नाही. माघारी वळलो. दहा-वीस पावलं गेलो असेन, तेव्हा मागून सरांचा आवाज आला, धापा टाकत, तुटक तुटक. क्षचा वर्ग, अधिक... आणि मग बऱ्याच दिवसांनी ते शब्द.

"बरं, मग?"

मारुती काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ते दोघं तोवर तासाच्या दुसऱ्या टोकाकडे गेले होते.